तयार प्रकल्प आमच्याकडे मिळतात, सर

प्रति,
मा. प्राचार्य आणि संशोधन प्रकल्प समितीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

कॉलेजचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ज्यांना लिहितोय त्यांना कळेल. इतरांना आपापल्या गावचं कॉलेज आठवलं तर तेही बरंच. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तुमच्या फाटकासमोर, माझं झेरॉक्स, टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. पोरांचा प्रकल्प तुमच्या टेबलावर जायच्या आधी माझ्या टेबलावर येतो. तुम्ही तो चाळता, मी तो टाइप करतो, त्यामुळं शब्द न् शब्द माझ्या नजरेखालून जातो. झेरॉक्सवाल्याला संशोधनातलं काय कळतं, असं म्हणून हे पत्र बाजूला सारण्याआधी एवढं लक्षात घ्या, की या गावात सगळ्यात जास्त प्रकल्प मी वाचलेत.

निमित्त तुमच्या परिपत्रकाचं. जुलैअखेर ते निघालं, दीडशे प्रती माझ्याच मशीनवर काढल्या. यंदापासून क्षेत्र प्रकल्प आणि संशोधन प्रकल्प यांचा विषय समितीनं ठरवलेल्या बेचाळीस विषयांतूनच घ्यायचा. यादीबाहेरचा विषय ‘कोणत्याही परिस्थितीत विचारात घेतला जाणार नाही’. कारण काय, तर ‘एकसूत्रता व मूल्यमापनातील सुलभता’.

यादी वाचली आणि खरं सांगतो, आधी मला आनंदच झाला. बेचाळीसपैकी एकतीस विषय माझ्या कॉम्प्युटरवर ‘जुने प्रोजेक्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये तयार पडले होते. महिला बचत गट, पीक विमा, ग्रामस्वच्छता, मोबाइलचा विद्यार्थ्यांवरील परिणाम. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, प्रश्नावली, रंगीत पाय चार्ट, निष्कर्ष, शिफारशी, सगळं जागेवर. नाव आणि रोल नंबर बदलायचा, काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. दोन प्रती कॉलेजला, एक घरी दाखवायला. पोरगं सकाळी येतं, दुपारपर्यंत संशोधक होऊन जातं. यादी सक्तीची झाली तर मार्चमध्ये मला दुकानात एक माणूस वाढवावा लागेल.

म्हणजे हे पत्र मी माझ्या पोटावर पाय देऊन लिहितोय. का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका पोरानं लातूरच्या पाणीटंचाईवर फार चांगलं काम केलं होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. हा पोरगा तिथं मावशीकडं राहून टँकरच्या रांगेत उभा राहिला होता. कोणती गल्ली किती दिवसांनी भरते, घागरीला किती वेळ लागतो, भांडण कोणत्या वेळी होतं, सगळं वहीत टिपलेलं. पुढच्या वर्षी दुसऱ्याला ‘परभणीची पाणीटंचाई’ पाहिजे होती. मी फाइल उघडली आणि एका फटक्यात फाइंड-रिप्लेस मारलं. लातूर गेलं, परभणी आली. तो प्रकल्प आज उघडून बघा. मिरजेची पाण्याची गाडी त्यात परभणी स्टेशनात शिरते, आणि ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप ‘परभणी जिल्ह्यातील किल्लारी’ इथं होतो. तोंडी परीक्षा झाली, बाहेरचे परीक्षक येऊन सह्या करून गेले, कुणाला काही खटकलं नाही. पोराला ‘अ’ श्रेणी मिळाली. त्यानं पेढे आणले, मी खाल्ले. त्या पेढ्याची चव अजून जिभेवरून गेलेली नाही.

चूक माझी होतीच. पण त्या फाइलीवर सह्या तीन होत्या, आणि त्यातली एकही माझी नव्हती.

आता माझ्या घरचं. माझी लेक तुमच्याकडंच बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. तिनं स्वतःहून विषय काढला: आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना १९४८ चं काय आठवतं. माझी आई तेव्हा नऊ वर्षांची होती, आज शहाऐंशीची आहे. रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांची, चाहूल लागली की बाया-लेकरं कडब्याच्या गंजीआड कशी दडून बसायची, रडणाऱ्या लेकराच्या तोंडात गूळ कसा कोंबायचे, हे ती दरवेळी त्याच शब्दांत सांगते. पण पोरीनं दोन-चार वेळा बसून विचारलं तेव्हा पुढचंही निघालं, जे मी पोटचा पोरगा असून कधी ऐकलं नव्हतं. पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे भारताची फौज निजामाच्या राज्यात शिरली, आणि त्यानंतर शेजारच्या अत्तारांचं घर एका रात्रीत रिकामं झालं. जाताना अत्तारीणबाईंनी पितळी पानदान माझ्या आजीच्या हातात दिलं, ‘आले की नेते’ म्हणाल्या. ते आमच्या फडताळात अजून आहे. मला वाटायचं आपलंच आहे.

लेकीनं अर्ज केला. उत्तर लेखी मिळालंच नाही. व्हरांड्यात उभ्या-उभ्या सांगितलं गेलं, विषय संवेदनशील आहे, यादीतला सतरा नंबर घे. सतरा नंबर म्हणजे ‘मराठवाडा मुक्तिसंग्रामातील स्थानिक नेतृत्वाचे योगदान : एक अभ्यास’. हा मी अकरा वेळा बांधलाय. स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यावरचे तेच दोन परिच्छेद, तेच फोटो, फोटोखालची शुद्धलेखनाची तीच चूक. या माणसांनी जे केलं ते असं दरवर्षी कॉपी-पेस्ट होण्याच्या लायकीचं आहे का?

परवा १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं. देश स्वतंत्र झाल्यावर आपल्याला आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली, ही स्मृती पुढच्या पिढीनं जपली पाहिजे, असं सर, तुम्ही भाषणात म्हणालात. मी दुकानाच्या पायरीवरून ऐकत होतो. बॅनरही मीच छापला होता. पुढची पिढी तुमच्या समोर तिसऱ्या रांगेत उभी होती आणि तिचा अर्ज तुमच्या कपाटात होता.

संवेदनशील आहे हे कबूल. रझाकारांनी काय केलं ते गावोगाव माहीत आहे. नंतर सूडाच्या भरात काय झालं ते पाहायला खुद्द सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती, आणि जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्या समितीनं आपले उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि नांदेड मोजलेत. म्हणजे सरकारी समितीनं बघितलेल्या गोष्टी घरातल्या आजीला विचारायला बंदी. विषय नाजूक असेल तर नाजूक हातानं कसा धरायचा ते शिकवा. तुम्ही मास्तर आहात, ते तुमचंच काम आहे. आणि यादी पुढच्या वर्षी बदलेल हो, पण शहाऐंशीच्या माणसाला पुढच्या वर्षीचं आश्वासन देता येत नाही.

जाता जाता एक. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारची समिती मराठवाडाभर फिरली, तेव्हा तहसिलीत निजामकाळातली मोडी आणि उर्दू कागदपत्रं वाचणारी माणसं हुडकावी लागत होती. इतिहासाच्या एका पोरानं त्याच्या आधीच ‘आमच्या गावची मोडी कागदपत्रं वाचून यादी करतो’ म्हणून विषय दिला होता. ‘याचा उपयोग काय’ म्हणून तो परत गेला. आता तो एका दुकानात मोबाइलची कव्हरं विकतो.

दुसरी पोरगी गंगाखेडकडची. आई-बाप उसतोडीला जातात, दसऱ्यानंतर घराला कुलूप. तिला यादीतला विषय मिळाला, ‘ऊसतोड कामगारांच्या आर्थिक व आरोग्यविषयक स्थितीचे अध्ययन’. प्रश्नावली माझ्याकडं छापायला आली. उचल किती, जात कोणती, लेकरं किती, पाळी कधी बंद झाली, पिशवी काढली का. हे पन्नास बायांना विचारायचं आणि टक्के काढायचे. पोरगी काउंटरवर कागद धरून बराच वेळ उभी होती. म्हणाली, काका, हे प्रश्न मी माझ्या मायला विचारू? आणि तिनं ‘सांगत नाही’ म्हटलं तर कोणत्या रकान्यात टिक करू?

बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. विधानपरिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हापासून तांड्यांवर आणि पालांवर विचारपूस करणाऱ्यांची रीघ लागली. या पोरीनं विषय उलटा फिरवला. आमच्याकडं जे जे माहिती गोळा करायला आले त्यांनी काय विचारलं, परवानगी कशी घेतली, फोटो कुठं गेले, आणि नंतर कुणी परत येऊन काही सांगितलं का? बावीस वर्षांत माझ्या दुकानात आलेला हा सगळ्यात हुशार प्रश्न. तिला उत्तर मिळालं, ‘हा काही विषय आहे का, डाटा कुठाय यात?’

सर, माणसांवरच्या आरोग्य-संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. समोरच्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायचं, संमती घ्यायची, आणि मधेच नको म्हणायचा त्याचा हक्क मान्य करायचा, हे त्यात स्पष्ट आहे. तुमच्या बेचाळीसपैकी निदान पंधरा विषयांत पोरांना लोकांच्या घरात पाठवताय. संमतीपत्राचा एक नमुना आजवर माझ्याकडं टाइप करायला आलेला नाही. पोटच्या पोरीनं मायला पाळीचा प्रश्न विचारायचा आणि मायचं नाव ‘प्रतिसादक क्र. ३१’, हे नीतिशास्त्राच्या पेपरात कुठं बसतं ते समितीनं बघावं.

विज्ञानवाल्यांची तऱ्हा वेगळी नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय, आपल्या गावाहून एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनातल्या भुजा, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं मंजूर केलेले साधारण २६०० कोटी रुपये. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की येणारी लहर त्या भुजांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलते, आणि ते मोजायचं. म्हणून तर जमीन शांत पाहिजे. ट्रक गेला, वारा सुटला, तरी यंत्राला त्रास. भौतिकशास्त्राच्या एका पोरानं त्या भागातल्या आपल्या गावी मोबाइलमधल्या कंपन मोजणाऱ्या सेन्सरवर घरासमोरचा रस्ता मोजायचा ठरवलं. ट्रॅक्टरची कंपनं किती, बैलगाडीची किती, रात्री दोन वाजता किती, आणि मोबाइलला काय पकडता येत नाही. त्यानं स्वतःच लिहिलं होतं, की मोबाइलला गुरुत्वीय लहर दिसणार नाही, पण गोंगाट म्हणजे काय ते मला कळेल. असं प्रामाणिक वाक्य मी प्रकल्पांत क्वचित वाचलंय. उत्तर आलं: यादीत नाही.

यादीत नसणं म्हणजे काय, हे मराठवाड्यानं एकदा बघितलंय. १९९३ च्या आधी भूकंपाच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि दगड-मातीच्या जाड भिंती, वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. पुढं २००२ मध्ये नकाशा सुधारला आणि ते पहिलं क्षेत्रच काढून टाकलं. जमिनीनं नकाशा बघून हलायचं ठरवलं नव्हतं.

चौथा पोरगा हलगीवाल्याचा. लग्नातलं संबळ-हलगी, मग बँजो पार्टी, मग डीजे, असा बदल कसा झाला आणि आवाज किती वाढला ते त्याला मोजायचं होतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे. वरातीपुढं मीटर धरून तो पुरावा आणणार होता, आणि बापाची सुपारी कोणत्या सालापासून कमी झाली तेही. त्याला सांगितलं, ‘मनोरंजन हा संशोधनाचा विषय नाही.’ बरं. पैठणच्या नाथांची भारुडं लोक हसत-हसतच ऐकायचे ना? आज त्यांच्यावर पीएच.डी. मिळते. माळेगावच्या जत्रेत तमाशाच्या फडाला किती माणूस लोटतं ते समितीनं एकदा तिकीट काढून बघावं. विनोद म्हणून म्हणत नाही, खरंच बघावं.

विषय तर झालेच, पण कारभाराबद्दलही गाऱ्हाणी आहेत. पोरं माझ्याकडं ‘टक्के कमी करून द्या’ म्हणून येतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांनी दुसऱ्याच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ केलंय. मग ‘महत्त्वपूर्ण’चं ‘मोलाचं’ करायचं, ‘शेतकरी’चं ‘बळीराजा’ करायचं, वाक्य मागचं पुढं. मजकूर जुन्या फॉन्टात असला तर सॉफ्टवेअरला ती मराठी आहे हेच कळत नाही, ते शून्य टक्के दाखवतं. तुम्ही त्या शून्यावर खूश. एकेका सरांकडं चाळीस-चाळीस पोरं सोपवता, मग सर तरी काय करणार? त्यांनाही मतदार यादी, नॅकची तपासणी आणि गॅदरिंग आहेच. सरांवर माझा राग नाही. यादी त्यांची सोय म्हणून आली असेल, हे मला कळतं.

पण रद्दीचं कळत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या रद्दीवाल्यानं मला हाक मारली, म्हणाला, चांगले पुठ्ठे आलेत, बाइंडिंगला घे. पोत्यात माझीच बाइंडिंगं होती. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. लातूरच्या पाण्याचा तो मूळ प्रकल्पही होता, टँकरच्या वेळांसकट. मी तो किलोच्या भावानं परत विकत घेतला. दुकानात आहे, कुणालाही येऊन वाचता येईल.

मागण्या सरळ आहेत. यादी राहू द्या, ज्याला विषय सुचत नाही त्याला कामी येईल, पण सक्ती काढा. यादीबाहेरचा विषय नाकारायचा तर आठ दिवसांत, लेखी, कारणासह नाकारा, व्हरांड्यात नको. माणसांना प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला मराठीत संमतीपत्र सक्तीचं करा. नमुना मी फुकट टाइप करून देतो. हार्ड बाइंडिंगची अट रद्द करा आणि त्याऐवजी पोराची कच्ची वही मागा, तारीख, वेळ, खाडाखोड आणि चहाचे डाग असलेली. कच्ची वही माझ्या फोल्डरमध्ये नाही आणि ती मला तयार करता येत नाही, म्हणूनच म्हणतो. तोंडी परीक्षेत पाय चार्टबद्दल विचारू नका, ‘तू कुणाकडं गेलास आणि त्यांनी दारात काय म्हटलं’ एवढं विचारा. दोन मिनिटांत कळतं. आणि चांगले प्रकल्प ग्रंथालयात ठेवा, त्यांची एक प्रत ज्या गावचा विषय असेल त्या ग्रामपंचायतीला द्या.

या चार लेकरांचे अर्ज परत काढून वाचा. यात माझी लेक आहे, म्हणून माझा स्वार्थ धरा हवं तर. बाकीच्या तिघांशी माझं नातं सुट्ट्या पैशांपुरतं आहे. विषय नोंदवायची मुदत दिवाळीच्या सुट्टीआधी संपते, तोवर वेळ आहे. लेक मात्र थांबलेली नाही. रोज संध्याकाळी आजीजवळ मोबाइल ठेवून बसते. काल आईला अत्तारांच्या थोरल्या पोरीचं नाव आठवलं.

माझ्या बाजूचं मी केलंय. ‘जुने प्रोजेक्ट’ फोल्डर उडवलं, रीसायकल बिनमधूनसुद्धा. काउंटरवर पाटी लावलीय: ‘टायपिंग करून मिळेल. तयार प्रकल्प मिळणार नाहीत.’ पहिल्याच आठवड्यात सहा गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात गेली.

कळावे,

आपला,
फाटकासमोरचा झेरॉक्सवाला

ता. क. जुलैच्या त्या परिपत्रकाच्या दीडशे प्रतींच्या बिलाचे पैसे अजून यायचे आहेत. त्याचा या पत्राशी काही संबंध नाही, पण लिहितोच आहे तर म्हटलं आठवण करावी.